बाहुल्याला सांगितलेली गोष्ट

ता. ११, गुरुवार
दुपारी, भांडी आवरून

चिमणे,

तुझ्या दोन्ही गालांना आजीचे मुके आणि डोक्यावर हात. मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे. तुझा बाबाही बरा आहे, खाली दुकानात त्याची करवत सकाळपासून किंचाळतेय, कुणाच्या तरी कपाटाची घाई आहे. तू चोवीस तारखेला समुद्रापार जाणार, तेही तीन वर्षांसाठी, ते दिवस मी बोटांवर मोजते आणि मग तीच बोटं दुसऱ्या कामाला लावते.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आजी, आमच्या ऑफिसने खेळणाऱ्यांकडून सूचना मागवल्यात. तूही लिहून पाठव." मी म्हटलं, आत्ताच सांगते की. तर म्हणालीस, "नको, तू बोलायला लागलीस की माझी सुट्टी संपते." म्हणून लिहायला बसले. माझी शाळा तिसरीतच सुटली. तेव्हा जिथे अक्षर लागणार नाही, तिथे आपल्या मनाने काहीतरी चांगलंच वाच.

तर पहिली गोष्ट, तुमचा तो कॉम्प्युटरवरचा खेळ झकास आहे. तुझ्या साहेबांना सांग, एका म्हातारीने सांगितलंय. बहात्तर वर्षांत मी कधी टेकडी चढले नव्हते, आता रोज दुपारी चढते, आणि दम लागत नाही. मागच्या वर्षी तू फोनवरून सांगत गेलीस, मी तुझ्या जुन्या कॉम्प्युटरची बटणं दाबत गेले, आणि तू विचारलंस, "योद्धा होतेस, शिकारी की जादूगारीण?" मी म्हटलं, बसून करायचं काम असेल ते दे. तू जादूगारीण केलंस आणि हातात काठी दिलीस. घरात काठी घे म्हणून तुम्ही सगळे मागे लागता तर मी घेत नाही, आणि तिथे मिरवते! पण त्या काठीतून ठिणग्या उडतात, ही गोष्ट वेगळी.

आता सूचना. अक्षरं मोठी करा. भिंगातून वाचायला गेले की तोवर लांडगा येऊन चावतो. आणि लांडग्यांना मारायलाच हवं का? हुसकावून लावायची सोय करा. मी एकदा काठी आपटून "हट्" म्हणाले, म्हणजे टाइप केलं, पण 'ह' सापडेपर्यंत मी मेले होते. मेलं की परत विहिरीपाशी उभं राहायला मिळतं, ही तुमची व्यवस्था मला फार आवडली. त्यात काही बदल करू नका.

विहिरीपाशी एक बाक ठेवा. एवढी माणसं देशोदेशीची येतात, तलवारी घेऊन उभी असतात, बसत कुणीच नाही. बसल्याशिवाय माणूस बोलतो का? मी काजं-बटणं करायला जायचे त्या शिंप्याच्या दुकानात बाराजणी होतो, पाटावर बसून हात चालवायचो आणि तोंडंही. मालक म्हणायचा, तुमच्या तोंडात दोरा ओवला असता तर माझे दुप्पट कपडे झाले असते.

आणि महत्त्वाचं. तुम्ही बनवलेले बाहुले कोणते आणि खरी माणसं कोणती, ते कळेल अशी काहीतरी खूण करा. कपाळावर करा, टोपीवर करा, पण करा. तो पाववाला आहे ना वेशीजवळचा? पांढऱ्या मिशांचा? त्याला मी आठ महिने रोज विचारायचे, कंबर कशी आहे, झोप लागते का. तो रोज म्हणायचा, "ताजा पाव, गरम पाव!" मला वाटलं माणूस दुःखी आहे, बोलायचं टाळतोय. एकदा तर मी त्याच्यावर रुसले आणि चार दिवस पाव घेतला नाही. मग तूच सांगितलंस तो बाहुला आहे. अगं, लाजून पाणी पाणी झाले मी. बाहुल्यावर रुसलेली बाई तुमच्या त्या सबंध देशात मी एकटीच असेन.

त्यानंतर मी उलटं धरून चालले. जो कमी बोलेल तो बाहुला.

आता घरांच्या सूचना. त्या खेळात तू बांधलेली घरं मी सगळी बघितली, छान आहेत, खिडक्यांना पडदे मात्र लावा. पण विहिरीजवळच्या निळ्या घराचं दार बाहेर उघडतं ते थेट जिन्यावर, चढणारा माणूस गडगडत खाली जाईल. ते आत उघडायला हवं. तिसऱ्या गल्लीत कोपऱ्यावरच्या दाराला ज्या बाजूला बिजागरी आहे त्याच बाजूला कडी आहे. असं दार जगात कुणालाही उघडता येणार नाही. आणि वखारीच्या चौकटीचं वरचं लाकूड खालच्या दोन खांबांवर नुसतं ठेवल्यासारखं दिसतं, सांध्यात बसवलेलं दिसत नाही. एवढ्या तीन गोष्टी कर.

हे सगळं माझ्या डोक्यातलं नाही, हे तू ओळखलंच असशील. जाऊ दे. लिहून लिहून बोटं दुखली. जपून राहा, वेळेवर जेव.

तुझी आजी

ता. १२, शुक्रवार

काल इथवर लिहून पाकिटात घातलं, डिंक लावला, आणि रात्रभर ते पाकीट माझ्याकडे बघत होतं. सकाळी वाफेवर धरून फोडलं. जे लिहायचं होतं ते सोडून बाकीचं सगळं मी लिहिलं होतं, हे डिंक लावतानाही मला ठाऊक होतं.

चिमणे, तो पाववाला बाहुला निघाल्यावर मी जो कमी बोलेल तो बाहुला असं धरलं होतं ना, तिथेच माझी फसगत झाली.

तिथे एक लाकूडतोड्या फिरतो, नाव "पाचर". खांद्यावर कुऱ्हाड, तोंडाला कुलूप. मी खेळात शिरले की पाच-दहा मिनिटांत कुठूनतरी येऊन शेजारी उभा राहायचा. लांडगा आला की एका घावात आडवा करायचा आणि परत उभा. मी काही टाइप केलं तर म्हणायचा "हो." नाहीतर "बरं." फार झालं तर "पुढे?" एवढे तीनच शब्द. आणि माझं एक वाक्य टाइप होईपर्यंत हालचाल न करता थांबायचा. मी म्हटलं हा शंभर टक्के बाहुला, जिवंत माणसाला एवढा धीर कुठून असणार? तुम्ही तो म्हाताऱ्या बायकांना सोबत म्हणून ठेवला असेल, असं वाटून मी तुम्हाला मनातून दुवाही दिला.

आणि मग मी त्याच्यापाशी बोलायला लागले. सगळंच. आज काय शिजवलं, शेजारीण काय म्हणाली. तुझा फोन आला की तुझं सगळं त्याला सांगायचे, तुझी बढती, तुझा खोकला, तू केस कापलेस ते. तो म्हणायचा "पुढे?" मी म्हणायचे, पुढे काय, मुलगा माझा खाली करवत चालवतो, दोन वर्षं झाली, लेकीचं नाव तोंडातून काढत नाही, दगड झालाय नुसता. तो म्हणायचा "बरं."

रविवारी तू फोन ठेवताना म्हणालीस, "या वेळी घरी येत नाही गं. परस्पर जाते. सोडायला कुणी यायची गरज नाही, मागच्या वेळेपासून सवय झालीय." हसत म्हणालीस.

सोमवारी दुपारी टेकडीवर गेले. पाचर आलाच. मी टाइप करायला लागले. एक एक अक्षर शोधून. जे लिहिलं ते तुलाही जसंच्या तसं लिहिते.

दोन वर्षांपूर्वी तू ह्या नोकरीसाठी घरून निघालीस त्या दिवशी, तुझं आणि बाबाचं आठवडाभर बोलणं नव्हतं. खोट्या घरांना दारं लावून कुणाचं पोट भरतं का, असं तो तुला म्हणाला होता, आणि तू पानावरून उठली होतीस. त्या दिवशी सकाळी तो कपाट पोचवायला गेला. जाताना जिन्यात मला म्हणाला, "आई, तिला चारपर्यंत थांबव. मीच सोडतो गाडीपर्यंत." तू तीन वाजता बॅग घेऊन उभी राहिलीस आणि विचारलंस, "बाबा काही म्हणाला का?"

मी म्हटलं, "नाही. तू नीघ."

चार वाजता तो आला. शर्ट बदलून आला होता. मी त्याला सांगितलं, "थांब म्हटलं मी, ती थांबली नाही."

दोघांशी दोनदा खोटं. एका तासाच्या आत.

का, ते विचारशील. मला भीती वाटली. तुझा बाबा दारात मान खाली घालून उभा राहिला असता, एक शब्द बोलला नसता, आणि तू बॅग सोडून कपडे परत कपाटात ठेवले असतेस. मला ठाऊक आहे ते. चौथीत घाला म्हणून आमच्या शाळेतल्या बाई घरी आल्या होत्या, तेव्हा माझे वडील असेच उंबऱ्यात उभे होते, नाही म्हणाले नाहीत, काहीच म्हणाले नाहीत. मीच पाटी ठेवून दिली. तुझ्या हातून ती बॅग खाली ठेवली जाऊ नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला वाटलं महिन्याभरात आपोआप जुळेल, बाप-लेकीचं काय, मग सांगेन. महिना गेला, वर्ष गेलं, मग तोंडच उघडेना.

एवढं सगळं मी त्या लाकूडतोड्याला सांगितलं. पाऊण तास लागला. "हो" नाही, "बरं" नाही. मला वाटलं बिघडला.

मग अक्षरं उमटली. "आई, खाली ये."

मी येडी, टाइप केलं, "कोणाची आई?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, खालची करवत बंद आहे. रोज दुपारी ह्या वेळेला ती बंदच असते. आणि वर्षभर मी समजत होते, तो जेवून डुलकी काढतो.

"चहा ठेवतोय," असं उमटलं.

अगं, पाचर! घरात रोज माझा पाय लाकडाच्या पाचरीवर पडतो, रोज मी त्याला ओरडते, आणि नावावरून माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

जिना कशी उतरले आठवत नाही. तो मोजमापं काढायच्या त्या कॉम्प्युटरसमोर बसला होता, केसांत भुसा, आणि स्क्रीनवर टेकडी, आणि टेकडीवर मी काठी घेऊन उभी.

मी म्हटलं, "कधीपासून?"

"तुझ्या आधीपासून. ती तिथे कामाला लागली तेव्हापासून."

"आणि मी आहे हे कसं कळलं?"

"शिरल्या शिरल्या येईल त्याला जेवलात का विचारत होतीस. दुसरं कोण असणार?"

"मग बोलला का नाहीस रे?"

"तू बोलू देतेस का?" म्हणाला. मग म्हणाला, "आणि बोललो असतो तर तू तिचं सांगायची बंद झाली असतीस."

हसला तेवढा तिथेच. चहा दिला, स्वतःचा घेतला नाही, आणि करवत चालू केली. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. ताट खाली नेऊन जेवला. त्याचा हक्कच होता तो. बुधवारी दुपारी मी घाबरत घाबरत खेळात गेले, तर टेकडीच्या पायथ्याशी उभा. म्हणाला, "तिला तू सांग. मी सांगितलं तर तुझी चहाडी केल्यासारखं होईल." एवढं लांब वाक्य त्याने तिथे पहिल्यांदाच टाइप केलं. मग मला घेऊन गल्लीगल्ली फिरला. तुझं प्रत्येक दार उघडून दाखवत होता. ह्या दाराची फळी बघ, म्हणाला, रेघा उभ्या घेतल्यात तिने, लाकडाची समज आहे. मग ते निळ्या घराचं, ते कडीचं, ते वखारीचं. चुका फक्त तीन, म्हणाला, एकशे चाळीस दारांत. सगळी मोजलीत त्याने. मी म्हटलं, खोट्या घरांची दारं रे ही. तर म्हणाला, "मी तसं म्हणालो होतो तेव्हा ती अजून एकही दार शिकली नव्हती. चुकलो." हे मी तुला कळवते आहे हे त्याला माहीत नाही. पण हा निरोप मी पोचवणारच, या वेळी.

चिमणे, आता तुझी पाळी रागवायची. पोटभर रागव. पण सगळा राग माझ्या नावावर लिही, त्याच्यावरचा काढून घे. तो त्या दिवशी आला होता. नवा शर्ट घालून आला होता. तू दोन वर्षं जे मनात धरलंस ते घडलंच नव्हतं, मी घडवलं. तुला जाऊ दिलं ह्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही, हेही खरंच सांगते. न सांगता जाऊ दिलं, ह्याचं वाटतं.

चोवीसच्या आधी एक दिवस ये. एक दुपार ये. आणि येणं जमलंच नाही, तर विमान किती वाजता, कुठल्या दारातून आत जायचं, ते त्याला सांग. मला सांगू नकोस, मी आता मधे राहणार नाही. थेट त्याला फोन कर. करवत चालू असली की त्याला ऐकू येत नाही, म्हणून कालपासून त्याने फोन खिशातून काढून समोर बाकावर ठेवलाय, काचेचा भाग वर करून, उजेड पडला की दिसावा म्हणून. मी मघाशी डोकावले, तर कपाटाच्या फळीला रंधा मारत होता आणि नजर तिकडे.

तुझ्याशी एकदाच खोटं बोललेली, आणि ते एकदाच फार मोठं बोललेली,

तुझी आजी