नाक आणि कातडी

प्रिय ठमे,

मी बरी आहे, तुझे बाबा बरे आहेत, आणि तुझी आत्या जरा जास्तच बरी आहे. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि दिलंस तर मी भलतंच बोलून बसते. शाळा माझी लवकर सुटली, म्हणून अक्षर हे असं, पाय मुरगळल्यासारखं. चुका काढत बसू नकोस. मुकाट वाच.

तू ते दोन डबे छताला लावलेस तो दिवस आठवतो का? मी खाली शिडी धरून उभी, आणि आत्या दारातून टोमणे मारतेय, की शिकून शिकून पोरगी शेवटी छताला भोकं पाडायला लागली. तू वरूनच मला समजावत होतीस. खोल्यांच्या मधल्या बोळात लावला तो स्मोक डिटेक्टर, त्याला नाक आहे, धूर हुंगतो. स्वयंपाकघरातला हीट डिटेक्टर, त्याला नुसती कातडी, उष्णता फार वाढली तरच ओरडतो. मी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. आग स्वयंपाकघरात, आणि हुशार डबा बोळात? ही कुठली अक्कल? तू गेल्यावर मीच शिडीवर चढले आणि दोघांची अदलाबदल केली. फिरवलं की निघतात, फिरवलं की बसतात. झालं!

मग काय, कांदा जरा लाल झाला की बोंब. कढई तापली की बोंब. तुझे बाबा जेवता जेवता कान झाकायचे. मी वैतागून बॅटरी काढायला गेले आणि वर पोचल्यावर तुझं बोलणं आठवलं, की स्वयंपाकघरात नाक लावलं तर लोक कंटाळून बॅटरी काढतात आणि मग घराला नाकच उरत नाही. म्हणजे माझ्यासारखी बाई तुला आधीच माहीत होती! असा राग आला. दोन्ही डबे गुपचूप आपापल्या जागी लावले. तेव्हापासून बटण दाबून आवाज येतो का तेही बघते, झाडूच्या दांड्यानं. मध्यंतरी बॅटरी संपत आली तेव्हा बोळातला डबा सारखा टुकटुक करायचा. आत्या म्हणाली, छतात पाखरू अडकलंय, आणि दाणे घेऊन खाली उभी राहिली. मी नवी बॅटरी घातली. पाखरू उडालं असं तिला सांगितलंय, तिचा समज तू मोडू नकोस.

आता नीट बसून वाच. परवा दुपारी जेवणं झाली, आत्या खोलीत लवंडली, मी भांडी घासत होते. बोळातलं नाक बोंबलायला लागलं. चूल बंद, कुठे काही नाही. म्हटलं, हे येडं झालं. झाडू उचलून गप्प करायला गेले तर आत्याच्या दाराखालून धूर. आत गेले तर तिच्या पायाशी गादी धुमसतेय. मोबाइल चार्जिंगला लावून त्यावर गोधडी टाकलेली, कुणी बघू नये म्हणून! जाळ नाही, चटका नाही, नुसता घाणेरडा धूर, आणि बाई घोरतेय, बहिरा कान वर करून. तिला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. तू सांगितलं होतंस तसं आधी मेन स्विच बंद केला, मग बादल्या ओतल्या. गादी गेली. आत्याला खोकला झाला, तोही उतरला. बोळात कातडीवाला असता तर जाळ भडकेपर्यंत ढिम्म बसला असता. हे मला कुणी सांगायला नको, मी दोन्ही लावून बघितलेत.

आता आत्या येईल त्याला धरून नाक आणि कातडी समजावते, जसं काही तिनंच शोधलंय. तिच्या खोलीतही एक नाक हवंय. तुझे बाबा म्हणाले, शेजारचा वायरमन बोलावतो, तर अंगावर गेली. आमची पोरगी असताना परका माणूस कशाला, म्हणाली. आमची पोरगी! मी आत जाऊन डोळे पुसले. धूर होता अजून.

आणि तू रविवारी फोनवर म्हणालीस, वायरिंगच्या कामाला गेलं की लोक दार उघडून विचारतात की पुरुष माणूस नाही का पाठवला, म्हणून आता काम सोडते, कुठेतरी खुर्चीवर बसते. मी म्हटलं, बघ बाई तुझं तू. तोंडाला आलं ते बोलले, मनातलं नव्हतं ते. मनातलं लिहायला हा कागद घेतलाय. राजीनामा लिहिला असशील तर फाड. पुन्हा कुणी तसं विचारलं तर सांग, माझी आत्या माझ्यामुळे जिवंत आहे आणि रोज भांडते. आणि सुट्टी काढून ये. शिडी आत्यानं स्वतः पुसून दाराशी उभी केलीय.

तुझीच,
शिडी धरायला खाली उभी असलेली
आई