सहाबारीचं चक्र

२४ ऑगस्ट, रवि.
कुंडलहून आत्ताच सांगलीला पोचले. आण्णांचं वर्षश्राद्ध. जेवणं उरकली, भावकी ओसरीवर सुपारी कातरत बसलेली, आणि चुलतभाऊ दिनकर सगळ्यांदेखत म्हणाला, "सहाबारी आता आमच्याकडं द्या. तशी नकलीच हाय म्हना ती. खरी आण्णांनी कवाच इकली."
सहाबारी म्हणजे आमच्या घरातलं टोपीचं, ठासणीचं जुनं रिव्हॉल्वर. खापरपणजोबांनी पलटणीतून आणलेलं. दर खंडेनवमीला सगळी भावकी त्यापुढे नारळ फोडते. ते माझ्या बापाने विकलं म्हणे! आत्याने पानाचा डबा पुढे ओढला. जावई मान खाली घालून. माझा मुलगा पत्रावळ्या उचलता उचलता थांबला, ते डोळ्यांसमोरून जात नाही.
उचलली जीभ लावली टाळ्याला. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही ना.
या खंडेनवमीला, त्याच ओसरीवर, त्याच्याच तोंडून शब्द मागे घ्यायला लावीन. सहाबारी पिशवीत घालून घेऊन आले. दि. आडवा आला नाही. बाई काय करणार, असं वाटलं असेल.

३१ ऑगस्ट, रवि.
सातारा. पिशवीत सहाबारी, वर मेथीची जुडी. एस.टी. इस्लामपूरला उगाच उभी.
सुभेदार कदम. फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, आता जुनी हत्यारं ओळखून देतात. नळीवर भिंग फिरवलं. कारखान्याचं नाव नाही, नक्षी नाही, नंबर नाही. म्हणाले, "ताई, मला तर नकली वाटतंय."
दि.चं हसरं तोंड दिसायला लागलं.
मग नळीवरून बोट फिरवत, "पर येवढी गुळगुळीत कशानं झाली? काय लावता हिला?"
म्हटलं, चिंच आणि विटेची पूड. दरसाल. नवमीला सहाबारी चकाकली नाही तर सुनांना बोलणी बसतात.
त्यांनी कपाळाला हात लावला. "आवं, पूजा करता का कातडी सोलता? नंबर घासून घासून खाल्लाय तुमी."
सगळी सुटी करून बघावी लागेल. जिथे चिंच पोचत नाही तिथे खरं काय ते सापडेल. पुढच्या पंधरवड्यात बोलावलंय.

५ सप्टें.
दि.चा फोन. "काय आक्का, निगाली का खरी?" आणि खो खो. "बघू," एवढंच म्हटलं. फोन ठेवेपर्यंत आमटी करपली.
मागोमाग मंदाचा, त्याच्या बायकोचा. "ह्यांचं बोलनं मनावर घिऊ नगा, आक्का." आण्णांचं शेवटचं सगळं हिनेच केलं. हागणं-मुतणंसुद्धा. तिच्यावर राग नाही. पण तिचं ऐकायचीही नाही.

१४ सप्टें., रवि.
साताऱ्याहून परत. डोकं ठिकाणावर नाही.
कदमांनी मुठीची लाकडं काढली. आत नंबर! चापाच्या कमानीच्या आतल्या बाजूला तोच. नळीच्या बुडाशी, सांध्यात, तोच. "हातानं ठोकल्याला नंबर. आकडं वाकडं बगा. स्क्रूचं आटं बी जुनं. अस्सल हाय, ताई." मी एवढ्या मोठ्याने "आण्णा!" म्हटलं की त्यांची बायको हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली.
मग चक्र काढलं. सहा बारांचं, घोडा ओढला की फिरतं ते. गेल्या खेपेला त्याच्यावर तेलाचा थर होता म्हणून नीट बघितलंच नव्हतं. मागच्या अंगाला यंत्राने मारलेला बारीक ठसा, नंबर भलताच. ठशाच्या कडा अजून धारदार. कदम हळूच म्हणाले, "पिस्तूल खरं. चक्र नकली. कुनीतरी बदललंय." एखाद्या शौकिनाकडे बाकी सगळं असतं नि चक्र फुटकं, तो असलं अस्सल चक्र हुडकत फिरतो, पैसेही मोजतो म्हणे.
म्हणजे दि. अर्धा खरा? अर्धा तरी कसा खरा? कोणी बदललं?

१५ सप्टें.
सापडलं.
सकाळी चक्राच्या मागच्या खाचेत सुई घातली. वर अष्टगंध. त्याच्याखाली कुंकू. त्याखाली लखलखीत लोखंड, आणखी काही नाही.
आई गेल्यापासून आण्णांनी कुंकवाला हात लावला नाही. पूजेला फक्त अष्टगंध. या सगळ्या वर्षांत सहाबारीला कुंकू लागलं ते एकाच खंडेनवमीला. आण्णा खुब्याच्या ऑपरेशनला इथे सांगलीत होते, सहाबारी दि.च्या घरी होती आणि पूजा मंदाने केली. कुंकू लागलं तेव्हा हे चक्र आधीच बसलेलं होतं, आणि नुकतंच; नाहीतर कुंकवाखालीही आण्णांचं गंध सापडलं असतं. आण्णा तेव्हा पलंगावर, कूससुद्धा बदलता येत नव्हती.
चोराच्या उलट्या बोंबा! आणि त्या बोंबा माझ्या बापाच्या श्राद्धाला, माझ्याच हातचं जेवून!

रात्री.
कुंकवावर गंध आहे. म्हणजे पुढच्या वर्षी आण्णांनी पूजा केली ती या नकली चक्राची. दरवर्षी अंगठ्याने चक्र फिरवून आवाज ऐकायला कानाशी धरायचे. त्यांना कळलं नसेल? कळलं होतं. भावकीत फूट नको म्हणून गिळून बसले. आणि हा नालायक त्याच गप्प बसण्यावर पाय देऊन उभा राहिला.
रडले. मग आण्णांचाही राग आला. एक शब्द मला सांगायचा होता.

३० सप्टें.
कुंडल. उद्या खंडेनवमी. भावकीला निरोप गेलेत, कदमही येणार. मी चिंच भिजवली नाही. सहाबारी सुटी करून पाटावर मांडून ठेवली, चक्र बाजूला.
संध्याकाळी दि. आला. पाटाकडे बघितलं आणि उंबऱ्यावरच बसला. मी विचारलंसुद्धा नाही काही.
"चूक झाली, आक्का. चक्र म्याच इकलं."
"उद्या सांग. सगळ्यांना."
तो म्हणाला, "भावकीम्होरं जोड्यानं मार. पर मंदीला न्हाई म्हाईत. ती आण्णांना द्येव मानती. तिला कळलं तर घरात ऱ्हायची न्हाई. तिच्याम्होरं नगं."
म्हटलं, "तू बोललास तेव्हा माझा मुलगा समोर होता."
तो उठला, पायात चपलाही न घालता तसाच गेला.
मला वाटलं होतं बरं वाटेल. वाटलंही. खोटं कशाला लिहू, त्याला उंबऱ्यावर तसा बसलेला बघून अंगातली आग जरा निवली.
थोड्या वेळाने मंदा आली. माझ्यासाठी भाकरी, झुणका. पाटावरचे तुकडे बघून म्हणाली, "आक्का, ह्ये असं मोकळं का केलंय वो?"
मी म्हटलं, "बस. सांगते."