गाळलेल्या पायऱ्या

धाकट्या,

आपण दोघं पेढीच्या एकाच टेबलावर ऑप्शन विकतो, म्हणजे शेअर पडला तर घेणाऱ्याचा तोटा भरून द्यायची हमी. भाव पायरीपायरीने उतरला, की मी तसतसे शेअर विकून आपला धोका आवरतो. तू मात्र अचानक पडझड झाली तर म्हणून वेगळे ऑप्शन घेऊन ठेवायचास.

"पैसे उतू चाललेत का रे?"

"असू दे, दादा. झोप लागते."

काल शेअरचा भाव मधल्या पायऱ्या गाळून एकदम खाली आला. मला विकायला उसंत मिळाली नाही. माझं नुकसान तुझ्या ऑप्शनांनी भरून काढलं. आई फोनवर म्हणाली, "धाकट्याने लाज राखली हो." मला तुझा हेवा वाटला. सकाळी देवापुढे तुझं भलं मागताना जीभ अडली.

उद्या साहेब विचारतील, टेबलाचा कारभार कुणाकडे द्यायचा. मी तुझंच नाव सांगेन. त्या वेळी तू माझ्याकडे बघू नयेस, एवढं मात्र देवाकडे न अडखळता मागितलं.

हे पत्र खिशातच ठेवणारा,
तुझा दादा