बिजलीबाबत प्रॅक्टिकल निर्णय

पडेगाव, ३ मार्च १९८४
आजपासून बिजलीबाबत भावना बाजूला. लग्नाची घोडी म्हणजे धंदा. वय झालं की रिटायर करायची, बस. बायकोला, आवडाला, हे स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, आधी बिजलीपुरत्या कण्या शिजवते. बायकांना धंदा कळत नाही. कण्या फार घट्ट झाल्या होत्या, मी पाणी घालून कालवून दिल्या.

७ मार्च
नालबंद मजीदभाईंनी तिचं तोंड उघडून बघितलं. दाढा गेल्यात, मागचा पाय सुजलाय, आता कामाला लावू नका म्हणाले. नालबंदानं खुरापुरतं बोलावं.

१५ मार्च
फुलंब्रीचे रामकिसन पाटील तिला बागेत सांभाळायला तयार. डिसिजन घेतला. टेम्पोनं नेली. टेम्पोनंच परत आणली. पाटलांचा कुत्रा लई भुंकतो. शिवाय त्यांनी तिचं नावसुद्धा विचारलं नाही. कारणं प्रॅक्टिकलच आहेत.

२ एप्रिल
रस्त्यानं बँड गेला. बिजलीनं कान टवकारले, पुढचा पाय उचलून ताल धरला! एकदम फिट. गल्लीतल्या कडूबाच्या परण्याचं बुकिंग लगेच घेतलं. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला न्यायचा नि आणायचा, एवढंच तर काम. शेपटीला मेंदी लावली. आवडानं मेंदी भिजवून दिली नाही, मीच भिजवली.

९ एप्रिल
मारुती अजून लांब होता. बिजली खाली बसली, नवरदेवासकट. वाजंत्री थांबले. चूक नवरदेवाची, वजन केवढं ते. तो पायीच मारुतीला गेला, मागं सगळी माणसं गेली. त्याची आजी द्वारकाबाई तेवढी थांबली. पदरानं बिजलीचं तोंड पुसत म्हणाली, "कारभारी, पुरं कर आता. ती तुला नाय म्हणत नाय, म्हणून किती न्यायचं तिला?"
म्हाताऱ्या माणसांना धंदा कळत नाही. बिजलीला उठवून हळूहळू घरी आणली.

१४ एप्रिल
उठत नाही. कूस बदलायची तरी कण्हते. ढोरांचे डॉक्टर म्हणाले, हाल करू नका, उद्या इंजेक्शन देतो. मी हो म्हणालो. ठणकावून म्हणालो. तिचं डोकं मांडीवर घेऊन मीच बसणार. पहिला लगाम मी घातला, शेवटीही मीच. भिणं आपल्या रक्तात नाही.

१५ एप्रिल
सकाळी लक्षात आलं, तिच्या तोंडात घालायला घरात गूळ नाही. सायकल काढली. पडेगावात गूळ मिळतो, पण काळा. शहरात गुलमंडीला गेलो. तिथला पसंत पडला नाही. शहागंजला गेलो. तिथं बराच वेळ उभा राहिलो.
परत आलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. आवडा अजून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. विचारलं, त्रास झाला का.
"नाय," ती म्हणाली. "पण कुणाचीबी सायकल वाजली की रस्त्याकडं बघायची."
मी भ्यालो, हे आवडाला सांगायचं होतं. गूळ चांगला मिळाला, एवढंच सांगितलं.