सुडाने आवळलेला स्क्रू

४ मार्च, सोमवार
सूड घेणार. ठरलं!
रायफल क्लबच्या टीममध्ये एकच जागा रिकामी. ती माझी, नाहीतर शहाण्याची. (खरं नाव लिहून कागद विटाळणार नाही.) मागच्या मॅचला माझं टार्गेट कोरं राहिलं, तर सगळ्यांसमोर म्हणाला, "दोन्ही बाजूंनी कोरं आहे, रोजनिशी लिही."
ही त्याच कागदावर लिहितोय. कागद चांगला आहे.

५ मार्च, दुपार
मामांच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात आहे. यंदाचं चौथं काम, पण हे टिकणार. आज शिकार स्वतःच चालत आली. शहाणा रायफल घेऊन हजर! गोळ्या वाटेल तिथे जातात म्हणे. मामा म्हणाले, जाणारच, स्कोपचे, म्हणजे वरच्या दुर्बिणीचे, स्क्रू तू मरेस्तोवर पिळलेयत.
तो गेल्यावर मला टॉर्क रेंच दाखवला, म्हणजे मापात पिळायचा पाना. कंपनीचा आकडा लावायचा. या रायफलला स्कोपच्या कड्यांना अठरा, ॲक्शन (नळीमागचं लोखंडी यंत्र) लाकडी दस्त्याला धरणाऱ्या स्क्रूंना पन्नास. कट् वाजलं की हात काढायचा. मी हो हो म्हटलं. खिडकीत वाकड्या शेपटीचं मांजर होतं. जन्मतः वाकडी असेल का?

६ मार्च
मामा जेवायला गेले. शहाण्याच्या रायफलचे झाडून सगळे स्क्रू सैल केले. बस आता बोंबलत!
मामा आले, बघितलं आणि पाठ थोपटली. म्हणाले, न सांगता कळलं रे तुला, आधी सगळे सैल करायचे, मग नव्याने मापात. मग बराच वेळ कट् कट् करत बसले. काय केलं ते नीट पाहिलं नाही, रेडिओ दुरुस्त करत होतो. (बंद पडला.) काही का असेना, मूळ घाव माझा.

९ मार्च
उद्या निवडीची मॅच. माझ्या रायफलची तयारी. अठरा हा काय आकडा झाला? भित्र्यांसाठी असेल. एल-कीला पाईप अडकवला, शहाण्याचं थोबाड डोळ्यांसमोर आणलं आणि पिळलं. दस्ता करकरला. लाकूड स्थिरावतंय. एका स्क्रूचं डोकं हातात आलं. तेवढंच वजन कमी.

१० मार्च, सकाळ
मामी म्हणाली, उपाशी जाऊ नकोस. म्हटलं, आज शहाण्यालाच खाणार आहे. म्हणाली, मग आधी दात घास.

संध्याकाळ
वारा वाईट होता. स्कोपची नळी कड्यांत चेपलीय, नेम जुळवायचं बटण फिरेना. दस्त्याला चीर. ऊन फार, हे मुख्य.
शहाण्याच्या गोळ्या एकाच भोकातून गेल्या.
माझं टार्गेट मागून घेतलं. हा कागद संपत आला होता.

११ मार्च
शहाणा मिठाई घेऊन दुकानात. आल्या आल्या मिठी! म्हणाला, मामांनी सांगितलं, स्क्रू तू मोकळे केलेस, राजा माणूस आहेस. टीमबरोबर रायफली सांभाळायला हाच हवा, असं त्याने क्लबात सांगून टाकलंय. मामी रडली. मामा सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत सुटले. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तर शहाण्याने त्यात मिठाई कोंबली.
म्हणजे माझी निवड झालीच. शुक्रवारी निघायचं. त्याची पेटी मी उचलायची. सूड प्रवासात घेऊ.
संध्याकाळी मामांनी त्याचीच रायफल पुढ्यात ठेवली. म्हणाले, कर सराव. अठरा लावले. त्याचं थोबाड डोळ्यांसमोर आणलं.
कट् वाजलं.
हात काढला.