रुंद टायर

रविवार, ११ ऑगस्ट

चि. राजास,

अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं आणि पिल्लू खुशाल असाल. मी मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं कोण ऐकतंय!

फोनवर तू घाईत असतोस आणि मी "सगळं ठीक" म्हणून मोकळी होते, म्हणून हे पत्र. पहिली बातमी तुला आवडणार नाही. गेल्या खेपेला तू हौसेने बसवलेले मोठे, रुंद टायर मी काढून टाकले. पुन्हा मूळ मापाचे घातले. गाडी रुबाबदार दिसायची, हे खरं. पण पूर्ण वळवली की टायर आत घासायचा, आणि दवाखान्याच्या चढावर ती अशी रडतखडत जायची की मागचे लोक हॉर्न वाजवून जीव खायचे. बुधवारी तर तिथेच बंद पडून मागे सरकायला लागली. हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो.

पेट्रोलही फार जातं म्हटल्यावर टायरवाला म्हणाला, "काकू, मोठं चाक फिरवायला इंजिनाला जोर लागतो. त्यात रुंद टायर रस्त्याला जास्त धरून चालतो. पेट्रोल पिणारच!" मग मान खाजवून विचारतो, "पण तरीसुद्धा एवढं? जाता तरी कुठे?"

"भाजीला."

"भाजी काय परगावाहून आणता?"

मला हसू आलं आणि मग आलं नाही.

वर 'वाचलो' लिहून गेले आहे. खोडत नाही. गाडीत माझ्याबरोबर दवाखान्यातली नर्स होती.

बाबा गेल्यावर तू म्हणालास, गाडी विकून टाक, नुसती धूळ खाते. चांगला भाव यावा म्हणून ते टायरही बसवलेस. धूळ नाही रे खात. संध्याकाळी घर खायला उठतं, तेव्हा मी गाडी काढते. चढाच्या पायथ्याशी बसथांबा आहे. तिथे उभ्या असलेल्या बायकांना विचारते, "वर सोडू का?" सुरुवातीला सगळ्या बिचकल्या. एकीला वाटलं, मी कुठल्यातरी पंथाची प्रचारक! आता ही नर्स रोज येते. रस्ताभर सासूची उणीदुणी काढते, आणि मी मुद्दाम सासूची बाजू घेते. मस्त भांडतो. बुधवारी मात्र ती पांढरीफटक पडली. म्हणाली, "काकू, आधी टायर बदला, मगच मी बसेन." दुसऱ्याच दिवशी बदलले.

आता गाडी चढ सरसर चढते. तेवढं बोलणं कमी होतं, हीच काय ती तक्रार. ती "येते हं" म्हणते आणि दार लागतं. परत चढ उतरताना शेजारची सीट रिकामी. बाबा तिथे बसून "गिअर बदल, गिअर बदल" करून डोकं उठवायचे. आता मी मनासारखी चालवते. कोणी काही म्हणत नाही.

तू पाठवलेलं गिऱ्हाईक काल येऊन गेलं. भला माणूस. चहा दिला आणि सांगितलं, गाडी विकायची नाही. तुला राग येईल, येऊ दे.

संध्याकाळी फोन केलास आणि मी उचलला नाही, तर घाबरू नकोस. गाडीत असेन. पण पुन्हा कर, राजा. एकदा वाजवून सोडून देऊ नकोस.

तुझी वाट पाहणारी,
आई