निधनपत्रकावरचे दुसरे नाव

मी, राडुल नेनोव करापेचोव, राहणार सुखा चेश्मा, जिल्हा बुर्गास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसे सांगितले, तरी मी त्यांना पुन्हा विचारून घेतले. दारू प्यालेलो नाही. शाळा अर्धवट झाली, म्हणून चुका निघतील. चुकांवरून कोणी हे रद्द करू नये.

घर, अंगण, द्राक्षांचा मांडव आणि दारू गाळायचा तांब्याचा हंडा पुतण्या देल्चोला, पण खालची अट पाळली तरच.

झऱ्यापासून ओकच्या झाडांपर्यंतचे कुरण रुसा तोपालोवा हिला. ती माझी नात्यातली नाही. पण माझे गुडघे गेल्यापासून तिच्या आणि माझ्या मेंढ्या तीच तिथे चारते. मेंढ्या, कात्री आणि घंटाही तिलाच. मोठी घंटा चिरलेली आहे, पण टाकू नये, मेंढ्यांना तिचाच आवाज कळतो.

आता किळसवाणी बाब. या कुरणाचे सरकारी अनुदान आमचा सरपंच स्तोइल याची मेहुणी वेनेता दिमोवा घेते. बुर्गासला तिचे बायकांचे केस कापायचे दुकान आहे. मेंढी तिने ताटातच पाहिली असेल. रुसा अर्ज करायला गेली तेव्हा कळले, अनुदानाच्या सरकारी नकाशावर माझे कुरण वेनेताच्या नावाने आधीच रंगवलेले. मला कोणी विचारले नाही, खंडही दिला नाही.

अनुदान घेणाऱ्यांची नावे सरकार संगणकावर जाहीर करते आणि दोन वर्षांनी काढून टाकते. वाचनालयातल्या इस्क्राने मला ते पान छापून दिले. मी ते दुकानाच्या दारावर चिकटवले. जेवणाच्या आधी फाडलेले. बसथांब्यावर लावले, तेही गेले. स्तोइल दुकानासमोर कॉफी पीत बसला होता.

“राडुलकाका, या वयात कागद चिकटवत फिरताय? पडाल कुठंतरी.”

“नाव खोटं आहे का, ते सांग.”

“खरंच आहे की! सरकारनंच छापलंय. मग चोरी कसली?”

तिथे बसलेले सगळे हसले. देल्चोही हसला, कारण तो स्तोइलचा ट्रॅक्टर चालवतो. मी माझी कॉफी तशीच ठेवून उठलो.

दुकानाच्या त्याच दारावर माझ्या बायकोचे, मिल्काचे निधनपत्रक आहे; मेलेल्याचे नाव आणि फोटो छापून असे लावायची आमच्याकडे रीत आहे. पावसाने फोटो निळा पडला, अक्षरे पुसट झाली, पण इतक्या वर्षांत कोणी बोट लावले नाही. स्तोइलसुद्धा त्याच्यापुढे टोपी काढतो. मेलेल्याचा कागद आमच्याकडे कोणी फाडत नाही.

म्हणून अट अशी. माझ्या निधनपत्रकावर माझ्या नावाखाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत छापावे: ‘याच्या कुरणाचे अनुदान घेणारी – वेनेता दिमोवा.’ दुकान, बसथांबा, चर्च आणि सरपंचाची कचेरी, चारही ठिकाणी. रीतीप्रमाणे चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी नवे लावावे, त्या वर्षी जाहीर झालेल्या नावासह. देल्चोने स्वतः, दिवसाउजेडी चिकटवावे. खळ लावावी, टाचण्या नकोत. वर प्लास्टिक घालावे. टाळाटाळ केली तर घर रुसाला.

देल्चोला हे वाचून दाखवले.

“काका, माझी नोकरी जाईल!”

“घर मिळतंय ना?”

“आणि काकूच्या शेजारी असलं नाव लावू? तुम्हालाच बघवेल का?”

हे मात्र मला लागले. म्हणून एक कलम वाढवतो. रुसाने मालकीण म्हणून अर्ज करावा आणि देल्चोने तिच्यासोबत अनुदानाच्या कचेरीत जावे. ज्या वर्षी त्या कुरणापुढे रुसाचे नाव जाहीर होईल, त्या वर्षापासून पत्रकावर फक्त माझे नाव छापावे आणि ते मिल्काच्या शेजारी लावावे. तोवर मला तिच्यापासून लांब, दाराच्या दुसऱ्या फळीवर चिकटवावे.

हाताने लिहिलेल्याला साक्षीदार लागत नाहीत, असे नोटरी म्हणाला. माझा विश्वास नाही.

साक्षीदार: मितको बोयुक्लिएव, पोस्टमन.
साक्षीदार: इस्क्रा पानोवा, वाचनालय. (घाबरत होती. तरी पूर्ण नाव लिहिले.)

सही: राडुल नेनोव करापेचोव
सुखा चेश्मा, १४ मे २०२३